मालक दुबईत, मूळ करारनामा हरवलेला आणि परवा टोकन: असा फ्लॅट घ्यावा का?

तुमच्या प्रश्नात दोन व्यवहार एकमेकांत गुंतलेत, म्हणून आधी ते सुटे करतो. पहिला खरेदीचा. धायरीला ७८ लाखांचा रीसेल टू बीएचके, मालक दुबईत, त्याच्या वतीने मेहुणा कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार करतोय. बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा हरवलाय म्हणून पोलीस तक्रारीची प्रत दाखवतात, आणि एजंट म्हणतो की परवापर्यंत ५ लाख टोकन द्या, दुसरी पार्टी तयार बसलीय. दुसरा विक्रीचा. या फ्लॅटसाठी सांगलीचं वडिलांच्या नावावरचं घर विकताय आणि तिथला खरेदीदार म्हणतो, खरेदीखत आधी करून द्या, पैशांचे पुढच्या तारखांचे चेक देतो. शेवटी विचारलंय, कुठली कागदपत्रं तपासली म्हणजे फसवणूक होणार नाही?

कागदपत्रांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल, एजंटसुद्धा देईल. फसलेल्या बहुतेक लोकांकडे त्या यादीतले सगळे कागद असतात, नीट फाइल लावून. मी पुण्यात मिळकतीच्या कागदांचीच वकिली करतो. कागदच नव्हता म्हणून कोणी फसलं, असं फार क्वचित पाहिलंय. कागद असतो, पण तो विकणाऱ्याच्याच हातून आलेला असतो. आणि पैसे जातात तेव्हा नोंदणी अजून व्हायची असते. त्यामुळे मी दोन गोष्टी बघतो: प्रत्येक कागद कुठून आला, आणि कुठल्या टप्प्याला किती पैसे हातातून सुटले.

मालक परदेशी असणं, मूळ दस्त हरवणं आणि एजंटची घाई, यातली एखादीच गोष्ट असती तर मी फार काही बोललो नसतो. परदेशात राहणारी माणसं मुखत्यारपत्रावर प्रामाणिकपणे घरं विकतात. घरं बदलताना करारनामे खरंच हरवतात. घाई न करणारा एजंट तर मी अजून पाहिलेला नाही. पण तिन्ही एकत्र आल्या की काय होतं बघा. मुखत्यारपत्रामुळे मालक तुमच्यासमोर येतच नाही. मूळ दस्त नसल्यामुळे तो कुठे गहाण पडलेला नाही, याचा हातातला पुरावा जातो. आणि परवाच्या मुदतीमुळे या दोन्ही गोष्टी शोधायला लागणारा वेळ जातो. मेहुणा ठग आहे असं मी म्हणत नाही, तो अगदी सरळ माणूस असेल. पण आज ते ओळखायचं साधन तुमच्याकडे नाही, आणि ५ लाख देऊन ते मिळणारही नाही.

तेव्हा परवा पैसे देऊ नका. एजंटला सांगा की सर्च (जुन्या नोंदींचा शोध) आणि जाहीर नोटीस झाल्यावर आम्ही थेट साठेखत (पुढे विकण्याचा करार) नोंदवतो आणि त्याच दिवशी मोठी रक्कम देतो. खऱ्या मालकाला यात तोटा नाही. फारच अडून बसले तर ५० हजार किंवा फार तर १ लाख, तेही मालकाच्या स्वतःच्या खात्यात, आणि विसारपावतीवर स्पष्ट लिहून घ्या की टायटल स्वच्छ निघालं नाही तर अमुक दिवसांत पूर्ण परत. रोख तर अजिबात नको. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. तुमच्या बाजूने त्याहून साधी अडचण अशी की रोख दिल्याचं उद्या सिद्ध कसं करणार? दुसरी पार्टी घेऊन गेली तर जाऊ दे. धायरीत फ्लॅटचा तुटवडा नाही.

आता शोध. मेहुण्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ म्हणजे फक्त माहिती, पुरावा नव्हे. त्यातला दस्त क्रमांक, वर्ष आणि कार्यालय उतरवून घ्या आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर स्वतः इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) काढा. पुणे शहरात हवेली तालुक्याची वीसहून अधिक दुय्यम निबंधक कार्यालयं आहेत आणि दस्त त्यांपैकी कुठल्याही ठिकाणी नोंदवता येतो. त्यामुळे ज्या कार्यालयात मालकाचा करारनामा झाला तेवढंच बघून चालत नाही, सगळी हवेली बघावी लागते. संगणकीकरणाच्या आधीची वर्षं सर्च घेणारा वकील कार्यालयात जाऊन पाहतो. आम्ही साधारण ३० वर्षं मागे जातो, म्हणजे बिल्डरने जमीन कोणाकडून घेतली तिथपर्यंत.

मालकाच्या करारनाम्याची प्रमाणित नक्कल कार्यालयातून मागवा. ती आली की दोन गोष्टी लगेच बघा. एक, खरेदीदार म्हणून नाव एकाचं आहे की नवराबायको दोघांचं. दोघांचं असेल आणि मुखत्यारपत्र एकाच्याच सहीचं असेल, तर मेहुणा अर्धाच फ्लॅट विकू शकतो. दोन, संगणकीकरणानंतरच्या दस्ताला पक्षकारांचे फोटो आणि अंगठे जोडलेले असतात. तो फोटो जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

शोधात काय दिसत नाही, हे लोकांना कोणी सांगत नाही. नोटरीपुढे केलेलं पण न नोंदवलेलं साठेखत दिसत नाही. सही झालेला दस्त नोंदणीसाठी सादर करायला ४ महिन्यांची मुदत असते, आणि एकदा नोंदला की तो सहीच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे आज तुमचा शोध स्वच्छ आला तरी गेल्या महिन्यात सही केलेला दस्त कोणाच्या कपाटात पडलेला असू शकतो. मूळ कागद ठेवून बँकेकडून कर्ज घेतलं तर त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन महाराष्ट्रात नोंदवावी लागते, पण तिलाही ३० दिवसांची मुदत आहे. म्हणून मी सर्च दोनदा घेतो: एकदा सुरुवातीला आणि एकदा खरेदीखताच्या दिवशी सकाळी. पहिला स्वच्छ आला म्हणून दुसरा सोडायचा नाही.

मूळ करारनामा हरवल्याबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या व्यवहारातली सगळ्यात नाजूक जागा हीच आहे. पोलीस तक्रार म्हणजे 'हरवलं असं यांनी आम्हाला सांगितलं' एवढंच. खरोखर काय झालेलं असू शकतं? एक, हरवला. दोन, बँकेकडे आहे. तीन, एखाद्या खासगी सावकाराकडे किंवा मित्राकडे उसन्या पैशांपोटी ठेवलाय. बँकेचं कर्ज सापडतं. नोटीस ऑफ इंटिमेशन बघा, थोडं शुल्क भरून सेरसाईच्या, म्हणजे बँकांकडे तारण असलेल्या मिळकतींच्या, केंद्रीय नोंदवहीत शोध घ्या, सोसायटीला पत्र देऊन विचारा की तुमच्याकडे या फ्लॅटवर कोणाच्या बोज्याची नोंद आहे का. पूर्वी कर्ज होतं आणि फिटलं असं म्हणत असतील तर बँकेचं पत्र घेऊन त्या शाखेत स्वतः जा. पत्रावर छापलेल्या नंबरला फोन करून काय उपयोग? तो नंबरही पत्र बनवणाऱ्यानेच छापलेला असू शकतो.

सावकार मात्र कुठल्याच नोंदवहीत सापडत नाही. त्याला बाहेर काढायचा एकच मार्ग म्हणजे जाहीर नोटीस, तीही धायरी-सिंहगड रोडला घरोघरी येणाऱ्या मराठी दैनिकात, १४-१५ दिवसांची मुदत देऊन आणि मूळ दस्त हरवल्याचा स्पष्ट उल्लेख करून. कोणी वाचत नाही अशा पेपरात कोपऱ्यात छापून आणलेलं कात्रण मेहुण्याने आयतं दिलं तर ते बाजूला ठेवा आणि नोटीस तुमच्या वकिलाकडून द्या. ज्याचे पैसे अडकलेत तो माणूस नोटिशीने हमखास जागा होतो.

मुखत्यारपत्राकडे वळू. दुबईतल्या माणसाने ते तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेलं असायला हवं, आणि महाराष्ट्रात आल्यापासून ३ महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरलेलं हवं. मजकुरात याच फ्लॅटचं वर्णन आहे का, विकण्याचा, दस्तावर सही करण्याचा आणि नोंदणी कार्यालयात कबुली देण्याचा अधिकार स्वतंत्रपणे लिहिलाय का, हे शब्द न शब्द वाचा. 'माझ्या सर्व मिळकतींची देखभाल व व्यवस्था' असं मोघम असेल तर त्यात विक्री बसत नाही. मालक वारला तर साधं मुखत्यारपत्र तिथेच संपतं. नोंदणीच्या वेळी मुखत्यार घोषणापत्र देतो की लिहून देणारा हयात आहे आणि मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही, पण ते घोषणापत्र देणाराही तोच.

म्हणून मालकाशी स्वतः बोला, आणि नंबर मेहुण्याकडून घेऊ नका. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे सभासदाचा नंबर किंवा ई-मेल असतो. ते तुम्हाला देणार नाहीत कदाचित, पण 'अमुक फ्लॅट विकायचाय का, असं विचारणारे आलेत' एवढा निरोप नक्की पाठवतील. मग व्हिडिओ कॉल करा, समोरच्याला पासपोर्ट दाखवायला सांगा आणि नकलेतला फोटो शेजारी ठेवा. सरळ मालकाला याचा राग येत नाही. राग आलाच तर मेहुण्याला येईल, आणि तो का आला याचा विचार करा.

त्याच फेरीत फ्लॅटमध्ये कोण राहतंय ते बघा. भाडेकरू असेल तर त्याच्याशी बोला, त्याचा लीव्ह अँड लायसन्सचा करार मागा. घरात प्रत्यक्ष राहणाऱ्याचा जो काही हक्क असेल तो खरेदीदाराला माहीत होता असं कायदा धरून चालतो. त्यामुळे 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही' हे म्हणणं कोर्टात टिकत नाही. हेवी डिपॉझिटवर (भाड्याऐवजी मोठी अनामत देऊन) बसलेला माणूस डिपॉझिट परत मिळाल्याशिवाय हलणार नाही, आणि ते कोण देणार यावर मग तुमचंच भांडण. लाइट बिल, टॅक्स पावती, मेंटेनन्सची पावती कोणाच्या नावाने आहे ते बघायला हरकत नाही, पण मालकी त्यातून ठरत नाही.

एजंट अजून दोन गोष्टी सांगेल. पहिली, 'बँकेने लोन पास केलं म्हणजे टायटल क्लिअर.' बँकेचा वकील कागद बघतो हे खरं आणि त्याचा उपयोगही होतो. पण तो बँकेसाठी बघतो. बँकेकडे फ्लॅटबरोबर तुमचा पगारही तारण असल्यासारखाच असतो. फ्लॅट गेला तरी हप्ते तुमचेच. दुसरी, 'सरकारी ऑफिसात रजिस्टर होतंय की, मग भीती कसली?' दुय्यम निबंधक मालकी तपासत नाही. तमिळनाडूने नोंदणीच्या वेळी विकणाऱ्याची मालकी बघणारा नियम केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये रद्द केला आणि विकणाऱ्याला मालकी आहे की नाही हे पाहणं निबंधकाचं कामच नाही असं सांगितलं. नोंदणी हवीच, पण ती तुमच्या आणि विकणाऱ्यामधल्या कागदाची असते.

सरकारी क्रमांक दिसला की आपण सैल पडतो, हे कल्याण-डोंबिवलीत फार महागात पडलं. तिथल्या ६५ इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली गेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. घर घेणाऱ्यांनी रेरा क्रमांक पाहिला होता. परवानगी महापालिकेतून निघाली का, हे महापालिकेत जाऊन बघायला हवं होतं, आणि ते सामान्य माणसाला कोणी सांगितलेलं नव्हतं. तुमचा फ्लॅट जुना आहे, तरी भोगवटापत्राचा क्रमांक महापालिकेच्या बांधकाम विभागात पडताळून घ्या.

हे सगळं स्वच्छ निघालं तर पैशांचा क्रम असा ठेवा. नोंदणीकृत साठेखत, त्या दिवशी १० ते २० टक्के. उरलेले खरेदीखताच्या दिवशी, कर्जाच्या रकमेसह. टक्केवारी बाजारावर आणि तुमच्या घासाघिशीवर अवलंबून आहे, क्रम मात्र बदलायचा नाही. प्रत्येक रुपया मालकाच्या एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या इथल्या) खात्यात, मेहुण्याच्या खात्यात काही नाही, 'तात्पुरतं' म्हणूनसुद्धा नाही. कोणी 'आम्ही तुम्हालाही मुखत्यारपत्र आणि नोटरी साठेखत देतो, स्टॅम्प ड्युटी वाचेल' असं सुचवलं तर चहा पिऊन उठा. मुखत्यारपत्र आणि नोटरी करार मिळून मालकी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय.

मालक अनिवासी असल्यामुळे टीडीएसचं वेगळं आहे. भारतात राहणाऱ्याकडून ५० लाख किंवा त्यापुढचं घर घेतलं तर १ टक्का कापायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. अनिवासी मालकासाठी तो नियम नाही. कपात त्याच्या कितीतरी पट असते, आणि तुम्ही ती केली नाही तर जबाबदारी तुमच्यावर येते. कमी दराने कापून घ्यायचं असेल तर मालकाने आयकर खात्याकडून तसा दाखला आणायचा. साठेखताआधी सीएला भेटा. 'तो इथलाच धरा हो, आधार कार्ड आहे' असं एजंट म्हणेल, तर ऐकू नका.

आता सांगली. तिथे विकणारे तुम्ही आहात, म्हणून आधी एक अप्रिय प्रश्न विचारतो. घर वडिलांच्या नावावर आहे आणि ते वारलेत, तर मिळकत पत्रिकेवर कोणाकोणाची नावं लागलीत? मृत्युपत्र नसेल तर आई, तुम्ही आणि बहिणी यांचा सारखा हिस्सा आहे. लग्नात दिलं-घेतलं होतं, बहिणीने तोंडी 'मला काही नको' म्हटलंय, याला कायद्यात किंमत नाही. एकतर बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं किंवा सरळ खरेदीखतावर सह्या कराव्यात आणि आपापल्या खात्यात पैसे घ्यावेत. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, पुढे कुरबुरी राहत नाहीत. वारस नोंदीतून एखादं नाव वगळून तुम्ही विकलं, तर तो खरेदीदार उद्या इथे येऊन तुमच्याबद्दल असाच प्रश्न विचारेल.

पुढच्या तारखांच्या चेकचं मात्र सरळ उत्तर आहे: नाही. खरेदीखत झालं की मालकी गेली, चेक वटोत किंवा न वटोत. सुरतच्या एका जमिनीचा खटला २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. किंमत १ कोटी ७४ लाख, दस्तात ३६ चेक नमूद केलेले. विकणाऱ्यांचं म्हणणं असं की त्यांना ६ चेकचे मिळून फक्त ४० हजार मिळाले. न्यायालय म्हणालं, हे खरं धरलं तरी पूर्ण किंमत मिळाली नाही या कारणाने नोंदणीकृत खरेदीखत रद्द होत नाही. पैसे वसूल करायचे तर त्याचा वेगळा मार्ग आहे. तो मार्ग म्हणजे वर्षानुवर्षं तारखा, आणि तोवर घरात दुसराच राहतो.

खरेदीदाराला साठेखत नोंदवून द्या, पण तेही भरीव रक्कम खात्यात आल्यावर. चार-दोन हजारांवर साठेखत नोंदवलं आणि माणूस गायब झाला तर तुमच्या घराच्या इंडेक्स टूमध्ये त्याचं नाव राहतं, ते काढायला त्याचीच सही असलेलं नोंदणीकृत रद्दपत्र लागतं किंवा कोर्ट. घर अडकवून भाव पाडणारे लोक नेमके असेच वागतात. खरेदीखताच्या दिवशी उरलेली रक्कम आरटीजीएसने खात्यात दिसली की मग सही. त्याचं कर्ज असेल आणि बँक पे ऑर्डर आणणार असेल तर ती देणाऱ्या शाखेकडून आदल्या दिवशी खात्री करून घ्या. ताबा, किल्ल्या आणि मूळ कागद हे त्याच्यानंतर. आणि किमतीतली काही रक्कम रोख देतो म्हणाला तर लक्षात ठेवा, कोर्टाला दस्तातलाच आकडा दिसणार. बाकीची रक्कम त्याने दिली नाही तर तुम्ही ती मागणार कशाच्या आधारावर?

आणि दोन्ही व्यवहारांच्या तारखा एकमेकांना बांधू नका. धायरीच्या साठेखतात उरलेली रक्कम द्यायची मुदत सांगलीच्या खरेदीखताच्या ठरलेल्या तारखेपेक्षा निदान दोन महिने पुढची घ्या. विकणाऱ्याने टायटलचा कागद वेळेत दिला नाही तर मुदत तेवढी आपोआप वाढेल, असं कलमही टाका. नाहीतर सांगलीचे पैसे लांबले की धायरीचा विसार जप्त व्हायच्या भीतीने तुम्ही तिथे पुढच्या तारखांचे चेक घ्यायला तयार व्हाल.